उपजत जादूगाराचा क्लास बांधताना

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीवर उपजत जादूगाराचा स्वतःचा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, बांधायला घेतला, तेव्हा आम्ही सगळ्यात आधी कागदावर विझार्ड, म्हणजे जादू शिकून मिळवलेला जादूगार, मांडला. त्याच्याकडे पुस्तक आहे, रोजची तयारी आहे, स्लॉट, म्हणजे स्पेल टाकण्याचा दिवसाला मोजकाच मिळणारा हक्क, न खर्चता विधी म्हणून सावकाश करायचे स्पेल, म्हणजे मंत्र, आहेत, वाटेत सापडलेला स्क्रोल पुस्तकात उतरवून घ्यायची सोय आहे. जन्मापासून जादू अंगात असलेल्या पात्राकडे यातलं काहीच नसतं. मग त्याच्याकडे असतं काय? ‘रक्तात जादू आहे’ हे उत्तर पात्राच्या पूर्वकथेत शोभून दिसतं, पण टर्न आली की खेळाडूच्या हाताला त्यातून काही लागत नाही. म्हणून आम्ही एकच कसोटी ठरवली आणि शेवटपर्यंत सोडली नाही: विझार्डच्या खेळाडूला जो निर्णय कधी घ्यावा लागत नाही, असा एक तरी निर्णय या क्लासच्या खेळाडूला प्रत्येक लढाईत घ्यावा लागला पाहिजे.

पुढे गोंधळ नको म्हणून आधीच सांगतो. पात्राच्या पातळीला मी ‘लेव्हल’ म्हणेन आणि स्पेलच्या पातळीला ‘पायरी’. दोन्हीला लेव्हल म्हणायची सवय नव्या खेळाडूंना फार छळते.

हा क्लास आला कुठून ते पाहिल्याशिवाय त्याचं दुखणं कळत नाही. १९७४ पासून या खेळातला जादूगार दिवसाच्या सुरुवातीला स्पेल पाठ करून ठेवायचा आणि वापरला की विसरायचा. अग्निगोळा दोनदा हवा असेल तर तो दोनदा पाठ करायचा. २००० साली तिसऱ्या आवृत्तीत सॉर्सरर, म्हणजे उपजत जादूगार, आला, आणि त्याचं वैशिष्ट्य लख्ख होतं. स्पेल थोडे, पण त्यातला कुठलाही कधीही टाकता येतो. पहिल्या लेव्हलला, पात्राच्या क्षमतेचा आकडा, म्हणजे गुणांक, वरचा असला की मिळणारे जादा स्पेल सोडले तर, विझार्डला पहिल्या पायरीचा दिवसाला एक स्पेल मिळायचा आणि सॉर्सररला तीन. मात्र सॉर्सररला ठाऊक असलेले स्पेल दोनच. विसाव्या लेव्हलपर्यंत पहिल्या ते नवव्या पायरीचे मिळून ३४. या सोयीची किंमत म्हणून त्याला प्रत्येक नवी पायरी विझार्डनंतर एक लेव्हल उशिरा मिळायची. विझार्ड पाचव्या लेव्हलला अग्निगोळा टाकायचा, सॉर्सरर सहाव्या लेव्हलपर्यंत थांबायचा. असा उशीर आम्ही पहिल्याच बैठकीत बाद केला. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, एकत्र लेव्हल वाढवत असते. त्यात एकाच खेळाडूला महिनाभर मागे ठेवणं म्हणजे नियमानं दिलेली शिक्षा, आणि तिच्यातून कुठलाच निर्णय जन्माला येत नाही.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत उशीर गेला, पण त्याहून मोठी गोष्टही गेली. आता विझार्डसुद्धा सकाळी फक्त यादी तयार करतो आणि त्या यादीतला कुठलाही स्पेल हव्या त्या स्लॉटमधून टाकतो. म्हणजे सॉर्सररची खास ओळख सगळ्या जादूगारांना वाटून झाली आणि त्याच्याकडे उरली ती तुटपुंजी यादी. भरपाई म्हणून मेटामॅजिक, म्हणजे स्पेल टाकताना त्याचं रूप बदलायची कला, आणि त्यासाठी खर्चायचे सॉर्सरी पॉइंट दिले. ते चांगले आहेत, तरी तुटवड्याचं मूळ कारण नाहीसं झालं आणि तुटवडा तसाच राहिला, हे आकड्यांत दिसतं. पाचव्या लेव्हलला इंटेलिजन्स हा बुद्धीचा गुणांक १८ असलेला विझार्ड नऊ स्पेल तयार ठेवतो आणि त्याच्या पुस्तकात निदान १४ असतात. त्याच लेव्हलचा क्लेरिक, म्हणजे पुजारी, नऊ तयार ठेवतो आणि त्याच्या डोमेनचे, म्हणजे दैवताच्या क्षेत्राचे, सहा वर, म्हणजे १५. सॉर्सररला ठाऊक असतात सहा. विसाव्या लेव्हलला पंधरा, आणि ते पंधरा सतराव्या लेव्हललाच झालेले असतात, पुढच्या तीन लेव्हलना यादी हलतच नाही. २०२४ च्या सुधारणेत हा आकडा २२ झाला, ही फार उशिरा आलेली कबुली होती असं माझं स्पष्ट मत आहे.

सहाच स्पेल मिळाले की काय होतं? खेळाडू वार अडवणारा शील्ड घेतो, क्षणात जागा बदलणारा मिस्टी स्टेप घेतो, अग्निगोळा घेतो, दुसऱ्याचा स्पेल तोडणारा काउंटरस्पेल घेतो, आणि उरलेल्या दोन जागांमध्ये थोडी हौस करतो. तीन वेगळ्या टेबलांवरचे तीन सॉर्सरर शेजारी ठेवले तर पात्रांची पत्रकं जवळजवळ सारखी निघतात. ड्रॅगनच्या वंशातला आणि वादळात जन्मलेला यांत फरक उरतो तो नावाचा. यात खेळाडूचं काही चुकत नाही. जागा कमी असली की माणूस जीव वाचवणाऱ्या गोष्टी आधी घेणारच. पाण्याखाली श्वास घेण्याचा स्पेल कितीही आवडला, तरी सहातली एक जागा त्याला कोण देईल?

म्हणून क्लासमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा ठाऊक स्पेलचा, आणि आम्ही सुरुवात तिथूनच केली. स्वतः निवडायचे स्पेल दहाव्या लेव्हलपर्यंत ‘लेव्हल अधिक एक’ असेच ठेवले. त्यावर प्रत्येक मूळाचे, म्हणजे जादू जिथून आली त्या उगमाचे, प्रत्येक पायरीला दोन ठरलेले स्पेल दिले. ते १, ३, ५, ७ आणि ९ या लेव्हलना मिळतात आणि मोजणीत धरले जात नाहीत. २०२० च्या पुरवणीत काही मूळांना अशी दहा स्पेलची भर मिळाली होती, पण जुनी मूळं कोरडीच राहिली होती. आम्ही ती सगळ्यांना लागू केली. पाचव्या लेव्हलला आता सहा अधिक सहा, बारा होतात. विझार्डच्या नऊपेक्षा हा आकडा मोठा दिसतो, पण यातले सहा कधीही बदलता येत नाहीत. विझार्ड उद्या वेगळे नऊ घेऊन येईल.

मूळाची यादी भरणं सगळ्यात जास्त वेळ खातं. आम्ही नमुन्यासाठी ‘दर्यावंश’ हे मूळ घेतलं, कारण भरती-ओहोटीचे शब्द कोकणच्या किनाऱ्यावर तयारच आहेत आणि नियमांना नावं देताना ते नेमके बसतात. यादी फक्त मुक्त परवान्यात असलेल्या स्पेलमधून केली. पहिल्या पायरीला फॉग क्लाउड आणि क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर, दुसरीला गस्ट ऑफ विंड आणि मिस्टी स्टेप, तिसरीला स्लीट स्टॉर्म आणि वॉटर ब्रीदिंग, चौथीला कंट्रोल वॉटर आणि फ्रीडम ऑफ मूव्हमेंट, पाचवीला कॉन्ज्युअर एलिमेंटल आणि कोन ऑफ कोल्ड. वाचताना ही यादी विषयाला धरून निवडल्यासारखी वाटेल, पण तिच्यामागे एक कडक नियम आहे. प्रत्येक जोडीत एक कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे स्पेल चालू ठेवायला एकाग्रता, लागणारा आणि एक न लागणारा. विषयाच्या ओघात यादी केली की पाणी, धुकं, वारा, वादळ हे सगळे कॉन्सन्ट्रेशनचेच स्पेल गोळा होतात, आणि एका वेळी त्यातला एकच चालू ठेवता येतो. दहा स्पेल मिळूनही लढाईत हाताशी एक, अशी अवस्था होते. कुठलंही मूळ करा, यादी झाली की प्रत्येक स्पेलपुढे ‘कॉ’ लिहून मोजा. निम्म्याहून जास्त आले तर यादी मोडून पुन्हा करा.

दुसरा निकष असा की जोडीतला एक तरी स्पेल खेळाडूनं आपणहून कधीच घेतला नसता असा हवा. वॉटर ब्रीदिंग दहा जणांना २४ तास पुरतो. ठाऊक असेल तर कथा समुद्राखाली जाऊ शकते, नसेल तर डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, बाटलीतलं औषध ठेवावं लागतं. अग्निगोळ्यासारखे स्पेल मात्र ठरलेल्या यादीत कधीही फुकट देऊ नयेत. ती सगळ्यांची पहिली निवड असते, त्यामुळे फुकट दिला की ते मूळ बाकीच्यांपेक्षा एका जागेनं पुढे जातं.

पाथफाइंडर या अशाच वेगळ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत, २०१९ साली, याहून धाडसी वाट काढली होती. तिथे वंशावरून जादूची अख्खी परंपराच ठरते: गूढ, दैवी, निसर्गाची की विद्येची. कल्पना मला फार आवडते. पण ती चालते कारण त्या खेळातल्या चारही याद्या तशा वापरासाठीच बांधलेल्या आहेत. पाचव्या आवृत्तीत याद्या क्लासच्या आहेत. ड्रुइडची, म्हणजे निसर्गाची जादू करणाऱ्याची, यादी सॉर्सररला उघडी केली की बरं करण्याचे स्पेल मेटामॅजिकसकट त्याच्या हातात येतात आणि पार्टीतल्या दोन क्लासचं काम तो एकटाच करू लागतो. आम्ही तो रस्ता सोडून दिला.

मुख्य गुणांक कोणता, यावर बराच खल होतो. उपजत जादू शरीरात आहे, मग कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे तब्येतीचा गुणांक, का नको? ऐकायला पटतं. आकडे मांडले की पटेनासं होतं. पाचव्या लेव्हलला हा गुणांक १४ च्या जागी १८ झाला की दहा हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, वाढतात. मार बसल्यावर कॉन्सन्ट्रेशन टिकवायला वीस बाजूंच्या फाशावर, गुणांकाची भर धरून, निदान १० लागतात. १४ गुणांक आणि त्या सेव्हचं, म्हणजे बचावाच्या फाशाचं, प्रावीण्य असेल तर +५ होतात आणि फाशावर १ ते ४ पडल्यासच स्पेल तुटतो, म्हणजे २० टक्के. १८ असेल तर +७ होऊन धोका १० टक्क्यांवर येतो. शत्रूला स्पेल चुकवणं किती अवघड जाईल हेही त्याच गुणांकावर ठरतं. एका आकड्यात तब्येत, टिकाव आणि मारा तिन्ही आले. तरी कुणाला हेच हवं असेल तर त्या सेव्हचं प्रावीण्य काढून टाकावं. मग +४ राहतात आणि स्पेल तुटण्याचा धोका २५ टक्के होतो. आमची खरी अडचण वेगळीच होती. कॉन्स्टिट्यूशनवर एकही कौशल्य नाही. करिश्मा हा छाप पाडण्याचा गुणांक काढून घेतला की हे पात्र लढाई संपल्यावर मुकं होतं, आणि हा खेळ अर्धाअधिक बोलण्यावर चालतो. करिश्मा ठेवला.

स्पेलसाठी लागणारं साहित्य मात्र काढलं. जन्मजात जादू असलेल्या माणसानं पिशवीतून वटवाघळाची विष्ठा काढून अग्निगोळा टाकावा, हे २०१४ च्या नियमांतही विचित्रच होतं. पाथफाइंडरनं २००९ मध्ये पहिल्याच लेव्हलला किरकोळ साहित्याची सूट दिली होती. आम्ही तेच केलं: ज्याची किंमत लिहिलेली नाही ते साहित्य लागत नाही, किंमतीचं लागतं. क्रोमॅटिक ऑर्बचा ५० सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागणारच. शब्द आणि हातवारे काढायचा मोह मात्र आवरावा. ते गेले की काउंटरस्पेल निरुपयोगी होतो, कारण समोरचा स्पेल टाकतोय हे दिसल्याशिवाय तो टाकता येत नाही. शिवाय दरबारात सगळ्यांदेखत, समोरच्याला आपलं ऐकायला लावणारा सजेशन टाकून कुणाला पत्ता लागत नाही. शब्द-हातवाऱ्यांशिवाय स्पेल टाकू देणाऱ्या सटल स्पेल या मेटामॅजिकला एक पॉइंट पडतो तो याचसाठी, आणि तो पडायलाच हवा.

आता स्लॉट की पॉइंट. उपजत जादूगाराला पॉइंटचा एकच साठा शोभतो असं बहुतेकांना वाटतं. डीएमसाठीच्या २०१४ च्या नियमपुस्तकात तशी पर्यायी पद्धत आहेच: पहिली पायरी २ पॉइंट, दुसरी ३, तिसरी ५, चौथी ६, पाचवी ७. पाचव्या लेव्हलला २७ पॉइंट मिळतात. त्यात अग्निगोळे बसतात पाच, तर स्लॉटमध्ये तिसऱ्या पायरीचे फक्त दोन असतात. पण हा फरक वरवर दिसतो तेवढा सरळ नाही. स्लॉट वापरणारा सॉर्सररही पाच अग्निगोळे काढू शकतो, कारण त्याला स्लॉट मोडून सॉर्सरी पॉइंट करता येतात आणि पॉइंटचे स्लॉट घडवता येतात. दोन मूळचे, पाच सॉर्सरी पॉइंटचा एक, आणि पहिल्या-दुसऱ्या पायरीचे सगळे स्लॉट मोडून मिळालेल्या दहा पॉइंटचे दोन. फक्त प्रत्येक मोडणं आणि प्रत्येक घडवणं हा २०१४ च्या नियमांत टर्नला एकदाच मिळणारी एकेक बोनस अ‍ॅक्शन आहे, आणि तिथे एकूण दहा लागतात. लढाई तीन-चार फेऱ्यांत संपते, म्हणजे खरा लगाम बोनस अ‍ॅक्शनचा आहे. २०२४ मध्ये स्लॉट मोडायला अ‍ॅक्शन लागेनाशी झाली आणि तो लगाम सैल झाला. पॉइंटच्या साठ्यात तर तो मुळातच नसतो. खेळाडू पहिल्या लढाईत सगळं ओततो आणि दुपारपासून पार्टीला ‘आता झोपूया’ म्हणू लागतो. शिवाय नवव्या लेव्हलला ५७ मधून ७, मग ५, मग ३ अशी वजाबाकी टेबलावर चालू राहते. आम्ही स्लॉट ठेवले, आणि त्याला पुढची यंत्रणाही कारण होती.

इथे कसोटीकडे परत येतो. खास निर्णय कुठून आणायचा? दर्यावंशासाठी आम्ही भरतीचा मोजा, म्हणजे एक चढती मोजणी, ठेवला. स्लॉट खर्चून स्पेल टाकला की मोजा एकनं चढतो. तो भरला की पुढचा स्पेल ‘उधाणात’ जातो, काहीतरी जास्तीचं घडतं, मग ओहोटी लागते आणि मोजा शून्यावर येतो. कल्पना सोपी आहे. ती जगते की मरते हे एका भागाकारावर ठरतं, आणि असे क्लास रचणारे बहुतेक जण तोच भागाकार करत नाहीत. पाचव्या लेव्हलला स्लॉट नऊ. २०१४ चं नियमपुस्तक एका दिवसात मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ लढाया धरतं. सहा धरल्या तरी एका लढाईला दीड स्लॉट येतो. मोजा तीनवर भरणारा ठेवला आणि प्रत्येक लढाईनंतर शून्य केला, तर तो कधीच भरत नाही. पत्रकावर ती क्षमता सुंदर दिसेल आणि महिनोन्‌महिने वापरली जाणार नाही.

म्हणून मोजा दोनवर भरतो आणि उधाणाखेरीज फक्त लाँग रेस्टनं, म्हणजे रात्रभराच्या विश्रांतीनं, रिकामा होतो. दर तिसरा स्पेल उधाणाचा. तिसऱ्या लेव्हलला सहा स्लॉट म्हणजे दिवसात दोन उधाणं, पाचव्याला नऊ स्लॉटची तीन, नवव्याला चौदा स्लॉटची चार, अकराव्याला सोळांची पाच. वाढ आपोआप होते, वेगळा तक्ता लागत नाही. पहिल्या लेव्हलला दोनच स्लॉट असल्यामुळे उधाण येणंच शक्य नाही, म्हणून ही क्षमता तिसऱ्या लेव्हलला दिली. मेटामॅजिक दुसऱ्याला आणलं, म्हणजे एकाच दिवशी दोन नव्या गोष्टी शिकाव्या लागत नाहीत. पॉइंटचा साठा ठेवला असता तर पाचव्या लेव्हलला २७ पॉइंटमध्ये पहिल्या पायरीचे तेरा स्पेल टाकून खेळाडूनं चार उधाणं काढली असती. स्लॉट मोडताना पॉइंट गळतात, त्यामुळे तिथे स्पेलची संख्या सहजासहजी फुगवता येत नाही. कॅन्ट्रिप, म्हणजे स्लॉट न लागणारे छोटे स्पेल, मोजायचे नाहीत, हे लिहून ठेवावंच लागतं. नाही तर दार उघडायच्या आधी भिंतीवर दोन कॅन्ट्रिप मारून प्रत्येक जण भरलेला मोजा घेऊनच आत शिरेल.

उधाणात घडायचं काय? जास्तीचं नुकसान ही पहिली सुचणारी गोष्ट, आणि ती टाळावी. एक डी६, म्हणजे सहा बाजूंचा फासा, सरासरी साडेतीन देतो, पण अग्निगोळ्यात चार शत्रू सापडले की तेच चौदा होतात. एका शत्रूसाठी ठीक वाटणारा आकडा क्षेत्रफळाच्या स्पेलमध्ये गुणला जातो. आम्ही ढकलणं निवडलं: सेव्ह चुकलेले किंवा स्पेलचा फटका बसलेले, लार्ज आकाराचे किंवा त्याहून लहान असलेले सगळे दहा फुटांपर्यंत लोटले किंवा ओढले जातात. किंमत तपासायला नियमांतल्याच दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. थंडरवेव्ह हा पहिल्या पायरीचा स्पेल दहा फूट ढकलतो, आणि वॉरलॉकला, म्हणजे करार करून जादू मिळवणाऱ्याला, दुसऱ्या लेव्हलपासून हव्या तितक्या वेळा दहा फूट ढकलणारं इन्व्होकेशन, म्हणजे कायमची खुबी, मिळतं. त्या मानानं दिवसातून तीनदा ढकलणं माफक आहे. कडा, जिना, आगीची भिंत जवळ असेल तर ते भयंकर होतं, आणि खेळाडूनं जागा पाहून खेळावं हेच तर हवं होतं.

ओहोटीची किंमत ठरवताना सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. उधाणानंतर पुढची टर्न संपेपर्यंत स्लॉटचे स्पेल बंद, असा पहिला मसुदा होता. चाचणीत खेळाडू मोजा दोनवर आला की कॅन्ट्रिप मारत बसू लागले. पुढची टर्न वाया जाईल या भीतीनं उधाण येऊच देईनात. किंमत पुढच्या अ‍ॅक्शनवर पडली की माणूस आखडतो. मग मुदत ‘पुढची टर्न सुरू होईपर्यंत’ अशी केली. आता बंद पडते ती दुसऱ्याच्या टर्नमध्ये उत्तर म्हणून स्पेल टाकायची रिअ‍ॅक्शन: शील्ड नाही, काउंटरस्पेल नाही. स्पेल टाकता येतो, फक्त पुढच्या एका फेरीत आपण उघडे असतो. एवढ्या बदलानं मोजा दोनवर आला की टेबलावर विचार सुरू झाला. आता अग्निगोळा टाकून ओग्र या राक्षसाला कड्यावरून लोटायचं, की त्यांचा जादूगार अजून उभा आहे म्हणून काउंटरस्पेल हाताशी ठेवायचा? विझार्डच्या खेळाडूला हा प्रश्न पडत नाही.

यदृच्छेची जादू, म्हणजे फासा टाकून काहीतरी अनपेक्षित घडणं, उपजत जादूगाराला चिकटलेली आहे आणि पुष्कळांना ती प्रिय आहे. आम्ही ती दर्यावंशात आणली नाही. २०१४ च्या वाइल्ड मॅजिक या मूळात डी२० या वीस बाजूंच्या फाशावर १ पडला तरच अनपेक्षित परिणामांचा तक्ता उघडतो, आणि तो फासाही डीएमनं सांगितला तरच टाकायचा. दिवसात नऊ स्पेल आणि प्रत्येक वेळी फासा, असं धरलं तरी दिवसभरात एकदा तरी तक्ता उघडण्याची शक्यता ३७ टक्के. बहुतेक दिवस ते मूळ गप्प असतं. आणि उघडला की तक्त्यात स्वतःभोवती अग्निगोळा फुटण्याचा प्रकार आहे: सरासरी २८ नुकसान, तर पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला जेमतेम आठ हिट पॉइंट. सेव्ह साधून निम्मं झालं तरी शेजारचे साथीदार आडवे होतात, आणि चुकलं तर जादूगार जागीच मरतो. प्रत्येक स्पेलमागे ही शक्यता हजारात एक आहे, पण पूर्ण कॅम्पेन, म्हणजे अख्खी चालू कथा, संपवायला एकदा पुरते. तक्ता करायचाच असेल तर दोन गोष्टी सांभाळाव्यात. तो रोज निदान एकदा उघडेल इतका सोपा ठेवा, आणि त्यातलं प्रत्येक नुकसान लेव्हलनुसार वाढणारं लिहा.

मल्टिक्लासची, म्हणजे एकाच पात्रानं दोन क्लास घेण्याची, भोकं बुजवणं कंटाळवाणं असलं तरी टळत नाही. पॅलाडिन, बार्ड आणि वॉरलॉक हे तिन्ही क्लास करिश्मावर चालतात, म्हणून या क्लासमध्ये एक-दोन लेव्हलपुरते डोकावणारे पुष्कळ असतात. वॉरलॉकचे स्लॉट शॉर्ट रेस्टला, म्हणजे तासाभराच्या विश्रांतीला, परत येतात. ते मोडून सॉर्सरी पॉइंट करायचे, पॉइंटचे स्लॉट घडवायचे, पुन्हा तासभर विश्रांती घ्यायची, आणि लाँग रेस्ट घ्यायचीच नाही, कारण घडवलेले स्लॉट तिनं नाहीसे होतात. या युक्तीनं स्लॉटचा ढीग लावता येतो. न झोपल्यास थकवा येण्याचा पर्यायी नियम २०१७ मध्ये आला, तरी भोक मुळातच बुजवलेलं बरं. आम्ही एक वाक्य घातलं: याच क्लासमधून मिळालेले स्लॉटच मोडता येतात.

चाचणीसाठी लेव्हल १, ५ आणि ११ घेतल्या. पाचव्या लेव्हलच्या चार पात्रांसमोर दोन ओग्र आणि सहा गोब्लिन ठेवले. २०१४ च्या हिशेबानं ती बरोबर ‘कठीण’ लढाई होते. ही लढाई आधी विझार्डसह, मग मूळच्या सॉर्सररसह, मग आमच्या क्लाससह, तोच नकाशा ठेवून खेळावी. राक्षस निवडताना एक सांभाळावं लागतं. २०१४ च्या आकड्यांत गोब्लिनला सात हिट पॉइंट असतात, तो अग्निगोळ्याच्या निम्म्या नुकसानातही मरतो, त्यामुळे ढकलण्याची परीक्षा त्याच्यावर होतच नाही. ५९ हिट पॉइंटचा ओग्र जिवंत राहतो आणि मग त्याला कुठे लोटलं याला अर्थ येतो. नोंदवहीत दर टर्नला तीन गोष्टी लिहायच्या: कुठला स्पेल, मोजा कितीवर, आणि दुसरा कुठला पर्याय खेळाडूनं खरोखर विचारात घेतला होता का. तिसरा रकाना सलग रिकामा राहिला की क्लासमध्ये दोष आहे, मग नुकसानाची सरासरी कितीही जुळलेली असो.

शब्दरचनेतली पळवाट याच टप्प्यावर सापडते. ‘सेव्ह चुकलेले ढकलले जातात’ एवढंच लिहिलं तर स्लीट स्टॉर्ममध्ये गोंधळ होतो, कारण त्यात प्राणी पुढच्या फेऱ्यांतही सेव्ह करत राहतात, आणि एक उधाण मिनिटभर ढकलत बसतं. मॅजिक मिसाइलमध्ये सेव्हही नाही आणि फटक्याचा फासाही नाही. नियमाचा पक्का मजकूर असा झाला: ‘मोजा दोनवर असताना स्लॉट खर्चून स्पेल टाकलास, तर तो टाकलास त्याच टर्नमध्ये त्या स्पेलविरुद्ध सेव्ह चुकलेला किंवा त्याचा फटका बसलेला, लार्ज किंवा लहान असा प्रत्येक प्राणी तू दहा फुटांपर्यंत सरळ रेषेत लोटतोस किंवा ओढतोस. असा एकही प्राणी नसेल तर तू स्वतः दहा फूट सरकतोस आणि त्यावर कुणाला संधीचा हल्ला मिळत नाही. नंतर मोजा शून्य होतो आणि तुझी पुढची टर्न सुरू होईपर्यंत तुला स्लॉट खर्चता येत नाही.’ यात मित्र-शत्रू असा भेद मुद्दाम ठेवलेला नाही.

असा क्लास लोकांपुढे ठेवायचा असेल तर नियमांचा मुक्त संच आधी वाचावा. संच ५.१ जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुला आहे, त्यात सॉर्सरर आहे पण त्याचं मूळ फक्त ड्रॅगनवंशाचं. वाइल्ड मॅजिकचा तक्ता त्यात नाही, म्हणून तो उतरवून देऊ नये, आपला नवा लिहावा. नावं, मूळं आणि मोजणीचे नियम आपले असतील आणि स्पेल संचातलेच असतील, तर परवान्यात सांगितलेलं श्रेयाचं वाक्य शेवटी छापलं की पुरतं.